वाडा कोणाचा, भाट कोणाचं?

मागच्या अंकात या पानावर मी सहज लिहून गेलो की गेल्या जूनमध्ये भाच्याकडे तुर्कूला गेलो होतो, तिथून फिनलंडातला एक जुना दगडी वाडा बघून आलो आणि बघताना सारखी आपल्या गोव्यातल्या भाटकारांची, म्हणजे भाटांच्या (मोठ्या बागायती जमिनींच्या) मालकांची, घरं आठवत होती. शिवाय सगळ्यात वरच्या मजल्यावरचा पार्टीचा हॉल, तिथल्या मार्शल मॅनरहाइमला लावलेलं 'काउंट' आणि तिथे प्यायलेलं एक सरबत. बस, एवढंच लिहिलेलं. एरवी मला येणारे प्रश्न एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद), आजोबांचं पोर्तुगीज नाव आणि घराच्या वाटण्या यांच्या पलीकडे जात नाहीत, पण या वेळी चक्क त्या वाड्यावरच पत्रं आलीत, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका. सगळी छापणं शक्य नाही, सारखी सारखी होती ती एकत्र केलीत.

म्हापशाहून एक ताई: सर, माझा मुलगा तुर्कूला शिपयार्डात कॉन्ट्रॅक्टवर आहे. तुमचं पान त्याला पाठवलं तर तो म्हणाला, आई ते घर माझ्या रूमपासून फार लांब नाही पण मला त्याचं नावसुद्धा नीट म्हणता येत नाही. ते घर राजाचं होतं का? नक्की कोणाकोणाच्या मालकीचं झालं ते सविस्तर सांगा, त्याला दाखवते.

ताई, नाव लोउहिसारी. 'सारी' म्हणजे बेट. आता बेट कुठे दिसत नाही, कारण त्या भागातली जमीनच दर वर्षी काही मिलिमीटरनी वर येते. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून ती अजून उठतेच आहे. आपण खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनींत, बांध घालून समुद्राला बाहेर ठेवतो, त्यांच्याकडे समुद्र आपणच मागे सरकतो, कोणाचं नशीब कसं बघा. स्वीडिश भाषेत त्याच घराला विल्नेस म्हणतात. गाव आस्काइनेन, २००९ पासून ते मास्कु पालिकेत गेलं. तुर्कूपासून वायव्येला साधारण तीस किलोमीटर.

राजाचं नव्हे. फ्लेमिंग नावाच्या सरदार घराण्याचं होतं, पंधराव्या शतकाच्या मध्यापासून, म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं एकाच कुळाकडे. तेव्हा फिनलंड असा देशच नव्हता, तो स्वीडनचा पूर्वेकडचा भाग. तिथे जुनी पद्धत अशी की जो माणूस राजासाठी चिलखत घातलेला घोडेस्वार पुरवेल त्याच्या जमिनीला सारा माफ. १२८० च्या सुमाराची ही पद्धत, त्यातूनच तिथले खानदानी लोक तयार झाले. आपल्याकडच्या देसायांच्या, सरदेसायांच्या वतनांशी जुळणारं काहीतरी, अगदी तेच नाही पण समजायला पुरे.

आता दिसतो तो वाडा बांधला हर्मन फ्लेमिंगने, १६५५ मध्ये. त्याचा बाप क्लास फ्लेमिंग आरमाराचा अ‍ॅडमिरल, शिवाय अमेरिकेत स्वीडनची वसाहत काढायच्या भानगडीतही पुढे. १६४४ च्या जुलैत कीलच्या खाडीत जहाजावर सकाळी हातपाय धूत असताना किनाऱ्यावरून सुटलेला तोफेचा गोळा लागून गेला. लढाईच्या धामधुमीत नव्हे, आंघोळीच्या वेळी. मला ही गोष्ट सांगितली तेव्हा भाचा हसला आणि मग दोघंही गप्प झालो.

पण खरी गंमत हर्मनची. १६५५ सालीच स्वीडनच्या दरबाराने ठरवलं की १६३२ नंतर सरदारांना खिरापतीसारख्या वाटलेल्या जमिनींचा चौथा हिस्सा परत घ्यायचा, तिजोरीत खडखडाट होता म्हणून. आणि ते काम बघणाऱ्या खात्याचा मुख्य कोण, तर हाच हर्मन. म्हणजे एका हाताने स्वतःच्या भाटात तीन मजली दगडी वाडा उभा करतोय आणि दुसऱ्या हाताने जातभाईंच्या जमिनी काढून घेतोय. सरदार लोक त्याच्यावर जाम खवळलेले असणार यात आश्चर्य काय. पुढे १६६४ ते १६६९ तो फिनलंडचा गव्हर्नर जनरल होता. वाड्याच्या जवळ एक दगडी चर्च आहे तेही त्यानेच बांधलेलं, वाड्याच्या दोन वर्षं आधीचं, १६५३ चं. आधी देऊळ मग घर, हे आपल्या लोकांना पटेल.

१७९५ मध्ये घर गेलं मॅनरहाइम कुटुंबाकडे. हे मूळचे जर्मन व्यापारी, हांबुर्गकडून स्वीडनला आलेले मार्हाइन, १६९३ मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा नाव बदलून मॅनरहाइम झाले. त्यांच्याकडे १९०३ पर्यंत राहिलं. मग कुटुंबाबाहेर विकलं गेलं आणि १९६७ मध्ये सरकारच्या ताब्यात आलं, आता म्युझियम आहे, उन्हाळ्यातच उघडं असतं, मुलाला सांगा डिसेंबरात जाऊन दरवाजा वाजवू नको.

मडगावहून इंजिनियरिंगचा एक विद्यार्थी: तुम्ही लिहिलंय की पार्टीचा हॉल सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. डिझाइन म्हणून चुकीचं वाटतं. जेवण वर कोण नेणार?

बाबा रे, नेणारे होते म्हणून तर हॉल वर होता! तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि कोठारं, मधल्या मजल्यावर घरची माणसं, आणि तिसऱ्या मजल्यावर मेजवान्यांची दालनं. पाहुणा जितका चढेल तितका मालक मोठा. आपल्या पोर्तुगीज काळातल्या घरांतही खाली कोठार नि वर 'साला' असायचाच, यांनी आणखी एक मजला चढवला एवढंच. माझे गुडघे दुसऱ्या जिन्यालाच बोलायला लागले, आणि माझ्या हातात तर डुकराच्या मांसाचं ताटही नव्हतं.

वर गेल्यावर मान वर कर. छताच्या लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवर सतराव्या शतकातलं रंगकाम आहे, वेली, पानं, फळं, रंग आता तपकिरीकडे झुकलेत. देवळाच्या मंडपात चित्रकाराने कंटाळा येईपर्यंत वेली काढाव्यात तसं. भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी आणि भाचा दोघं आरामात टेकलो, तिथून खाली झाडांची सरळ रांग आणि अंगणाच्या दोन बाजूंना दोन जोडइमारती, सगळं एका रेषेत, आरशात बघितल्यासारखं. सतराव्या शतकात फिनलंडात जवळजवळ सगळं लाकडात बांधायचे, मोठमोठे वाडेसुद्धा, त्यामुळे असा दगडी तीन मजली वाडा म्हणजे लांबूनच कळायचं कोण राहतं ते. म्युझियमवाल्यांनी एक शहाणपणा केलाय, सगळं एकाच काळातलं दाखवायचा हट्ट धरला नाही. वरचा मजला फ्लेमिंगांच्या काळासारखा, मधला मजला नंतरच्या राहत्या घरासारखा. आपल्याकडे रिस्टोरेशन म्हटलं की सगळं एका रंगात रंगवून टाकतात.

डिचोलीहून एक वाचक: तुमचं लिहिणं आवडतं पण राग येतो म्हणून लिहितोय. माझे आजोबा मुंडकार, भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारे. भाटकाराच्या घरी लग्न असलं की आमच्या घरची सगळी माणसं आठ दिवस तिथे राबायची, आमच्या घराला चिऱ्याची भिंत घालायची तर परवानगी लागायची. आता त्याच घराचे फोटो 'हेरिटेज' म्हणून मासिकात येतात. तुम्ही फिनलंडातही जाऊन मालकांचंच कौतुक करणार का? तिकडे मुंडकार नव्हते?

होते. आणि भाऊ, तुमचा राग बरोबर आहे, मागच्या वेळी मी चार ओळींत चारही ओळी मालकांवर घातल्या.

तिकडच्या मुंडकाराला तोर्प्पारी म्हणायचे. मालकाच्या जमिनीतला एक तुकडा घेऊन त्यावर झोपडं बांधायचं, तुकडा कसायचा, आणि भाडं पैशात नव्हे तर दिवसांत द्यायचं. आठवड्याला इतके दिवस मालकाच्या शेतात, काही आपला घोडा घेऊन, काही नुसतं अंगमेहनतीचे. आणि ते दिवस कधी लागायचे? जेव्हा ऊन असेल, गवत कापायचं असेल, म्हणजे नेमके तेच दिवस जेव्हा स्वतःच्या तुकड्यातलं पीकही कापणीला आलेलं. ज्याच्याकडे चार महिन्यांचाच उन्हाळा आहे त्याचे दिवस घेणं म्हणजे काय ते आपल्याला पावसाच्या हिशेबाने कळेल, मिरगाच्या आठवड्यात भाटकाराने बोलावलं तर कसं वाटेल तसं. करार बऱ्याचदा तोंडी, मालकाची मर्जी फिरली की चंबूगबाळं उचला.

आणि एक तारीख सांगतो. त्या वाड्याचा सगळ्यात प्रसिद्ध पोरगा, पुढे मार्शल झालेला गुस्ताफ मॅनरहाइम, जन्मला ४ जून १८६७ ला. त्या वर्षी तिथे काय चाललं होतं माहीत आहे? दुष्काळ. वसंत असा काही आलाच नाही, मे महिन्यात तळी गोठलेली, पेरणी उशिरा, आणि सप्टेंबरात कापणीच्या आधी कडाक्याचं दहिवर पडून उभं पीक गेलं. १८६६ ते १८६८ मध्ये देशातली सुमारे आठ टक्के माणसं मेली, भुकेने आणि भुकेच्या पाठोपाठ आलेल्या तापांनी. लोक पाइन झाडाची आतली साल वाळवून दळून पिठात मिसळून भाकरी करायचे, रस्त्यांनी भीक मागत झुंडी फिरायच्या. आता तो पाळणा ज्या खोलीत होता ती खोली दाखवतात, मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, परत येऊन वाचलं. आधी माहीत असतं तर त्या खोलीत दोन मिनिटं जास्त थांबलो असतो, का कमी, ते सांगता येत नाही.

मग १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९१८ च्या जानेवारीत घरातल्या घरात युद्ध पेटलं, लाल (समाजवादी) विरुद्ध पांढरे (सरकारी बाजू). दक्षिणेकडचे कितीतरी कामगार आणि तोर्प्पारी लाल बाजूला, आणि पांढऱ्यांचा सेनापती कोण? तोच वाड्यावरचा गुस्ताफ. मे महिन्यात पांढरे जिंकले. तीसेक लाख वस्तीच्या देशात सुमारे ३८ हजार माणसं गेली, त्यातली हजारो तर युद्ध संपल्यावर कैद्यांच्या छावण्यांत, उपासमारीने आणि रोगराईने. ही गोष्ट तिकडे अजूनही जेवणाच्या टेबलावर हळू आवाजात बोलतात असं भाचा म्हणाला.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरात कायदा झाला की तोर्प्पारीला आपला तुकडा विकत घेता येईल, मालकाची मर्जी असो नसो. किंमत धरायची १९१४ ची. आणि मध्ये महागाई एवढी भडकलेली की १९१४ ची किंमत म्हणजे जवळजवळ फुकट. जिंकलेल्यांनीच हरलेल्यांना जमीन दिली असं म्हणायला मोह होतो पण एवढं सरळ नव्हतं, त्यांना भीती होती की नाही दिली तर परत पेटेल. १९२२ मध्ये आणखी एक जमीन कायदा आला. आणि १९४५ मध्ये तिसरा मोठा दणका, सोव्हिएत युनियनला द्याव्या लागलेल्या कारेलियातून चार लाखांवर माणसं निर्वासित होऊन आली, त्यांना आणि लढून परतलेल्या सैनिकांना जमीन द्यायची तर कुठून, सरकारकडून, कंपन्यांकडून आणि मोठ्या इस्टेटींकडून. त्यामुळे आज फिनलंडात वाडे दिसतात पण वाड्यांना पोसणारी भाटं दिसत नाहीत.

आपल्याकडे मुंडकारांचा कायदा १९७५ चा, कुळांना मालकी देणारी पाचवी दुरुस्ती १९७६ ची. म्हणजे त्यांच्यापेक्षा आपण साठेक वर्षं मागे, आणि ते कायदे होऊन पन्नास वर्षं झाली तरी मामलेदाराकडे तारखा चालूच आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या आजोबांची केस झाली का मिटून? लिहा.

साखळीहून एक शिक्षिका: मार्शल मॅनरहाइमला तुम्ही 'काउंट' म्हटलंत. तो बॅरन होता. कृपया तपासा.

तपासलं. बाई बरोबर, मी चूक. काउंट ही बॅरनच्या वरची सरदारी पदवी. त्याचा पणजोबा कार्ल एरिक याला १८२४ मध्ये काउंट केलं पण ती पदवी फक्त थोरल्या मुलाकडे जायची, बाकीचे बॅरन. गुस्ताफ धाकट्यांपैकी, म्हणून बॅरन. थोरला भाऊ कार्ल काउंट.

आणि कार्ल एरिकचा विषय निघालाच आहे तर, हा माणूस भारी होता. स्वीडनच्या राजाविरुद्ध १७८८ मध्ये जे अधिकारी कट करून बसले त्यांच्यात हा. नंतर सुटला, सैन्य सोडलं, लोउहिसारी घेतली, शेतीत पडला. १८०८ मध्ये रशियाने फिनलंड घेतला तेव्हा सेंट पीटर्सबर्गला झारकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा पुढारी पुन्हा हाच, आणि नवीन राजवटीत तर सिनेटच्या वरच्या खुर्चीवर. राजवट बदलली की कोण कुठे बसतो ते बघायचं असेल तर मोठ्या घरांच्या भिंतीवरची चित्रं बघावीत. आपल्याकडेही अशी घरं आहेत, एका भिंतीवर पोर्तुगीज गव्हर्नरासोबतचा फोटो आणि समोरच्या भिंतीवर १९६१ नंतरच्या मंत्र्यासोबतचा, आणि दोन्ही फोटोंत आजोबा तेच, कोटसुद्धा तोच.

फोंड्याहून 'नाव छापू नये': एवढं सगळं असून ते घर गेलं कसं? आमच्याकडे ते 'बापाने खाल्लं' म्हणतात तसं झालं का?

अगदी तसंच. बाप म्हणजे कार्ल रॉबर्ट मॅनरहाइम, गुस्ताफचे वडील. शिकलेला, लिहिणारा, गप्पिष्ट, उदार विचारांचा, पाहुण्यांना आवडणारा. असा माणूस तुमच्या ओळखीत असेल. बायको हेलेन फॉन यूलिन, फिस्कार्सच्या लोखंड कारखान्याच्या मालकाची मुलगी. फिस्कार्स म्हणजे तीच, नारिंगी मुठीच्या कात्र्यांची कंपनी, आपल्याकडे शिलाईवाल्या बायका जपून ठेवतात ती कात्री. ती नारिंगी मूठ निघाली १९६७ मध्ये, वाडा सरकारकडे गेला त्याच वर्षी, उगाच आपला योगायोग.

तर कार्ल रॉबर्टने धंद्यात पैसे घातले, ते बुडाले, जुगाराची सवय होती ती गेली नाही, आणि १८८० पर्यंत दिवाळं निघालं. लोउहिसारी आणि बाकीच्या जमिनी बहिणीला विकल्या, चित्रांचा चांगला मोठा संग्रह होता तोही गेला. आणि स्वतः साहेब पॅरिसला, एकटे नव्हे, दुसऱ्या बाईसोबत. हेलेन सात मुलांना घेऊन आपल्या मावशीकडे जाऊन राहिली. पुढच्याच वर्षी, १८८१ च्या जानेवारीत, हार्ट अटॅकने गेली. वय चाळिशीच्याही आत. सात पोरं नातेवाइकांत वाटली गेली, गुस्ताफचा खर्च मामाने उचलला, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या या दांडग्या पोराला कॅडेट शाळेत घातलं ते मुख्यतः शिस्त लागेल आणि पैसे वाचतील म्हणून. १८८६ मध्ये परवानगी न घेता रात्री बाहेर राहिला म्हणून तिथूनही काढलं!

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. रशियाच्या घोडदळात गेला, १९०६ ते १९०८ मध्ये मध्य आशियातून बीजिंगपर्यंत सुमारे चौदा हजार किलोमीटर घोड्यावर, वाटेत दलाई लामांना भेटून त्यांना पिस्तूल भेट दिलं (दलाई लामांना पिस्तूल, खरंच), नंतर सेनापती, मार्शल, १९४४ ते १९४६ राष्ट्राध्यक्ष. शिकारीला भारतातही येऊन गेला, हेलसिंकीच्या त्याच्या घरात वाघाचं कातडं आहे. पण आपला विषय घराचा, आणि माझ्या मते या घराच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा माणूस मार्शल नव्हेच. ती बहीण. भावाने बुडवलेलं घर तिने पदरचे पैसे घालून घेतलं म्हणून ते आणखी वीस-बावीस वर्षं तरी कुटुंबात टिकलं, नाहीतर १८८० सालीच लिलावात तुकडे झाले असते. फिनलंडात गावाकडच्या जमिनीत मुलीला मुलाएवढा वाटा मिळायला लागला तोच मुळी १८७८ मध्ये, त्याआधी भावाच्या निम्मा. त्या काळात एका बाईने भावाची इस्टेट सोडवून घेणं म्हणजे काय असेल ते विचार करा. वाड्यात मार्शलच्या नावाने सगळं, आत्याच्या नावाने मला तरी फारसं काही दिसलं नाही. मी गाइडला विचारलं, ती हसली आणि म्हणाली, हा प्रश्न बायकाच विचारतात.

कार्ल रॉबर्टचंही सांगून टाकतो, नाहीतर परत पत्र येईल. १८८७ मध्ये हेलसिंकीला परतला, त्या दुसऱ्या बाईशी लग्न केलं होतं, आणि ऑफिसात लागणाऱ्या मशिनींची एजन्सी काढली, टाइपरायटर वगैरे. ती चालली. काउंटसाहेब टाइपरायटर विकून सन्मानाने १९१४ पर्यंत जगले. मला हा माणूस आवडत नाही पण हा शेवट आवडतो.

पेडण्याहून एक गृहस्थ: आमचं घर जुनं, राजांगणाचं, मागे कुळागर (सुपारी-नारळाची बाग). सध्या ३१ वाटेकरी, त्यातले ११ परदेशात, दोघं कुठे आहेत तेच ठाऊक नाही. दर पावसाळ्यात कौलं कोणी बदलायची यावर भांडण. त्या लोकांचं घर एवढी शतकं वाटण्या न होता कसं राहिलं? आम्ही काय करावं?

काका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे पण तुम्हाला उपयोगाचं नाही. शतकानुशतकं मुलींना कमी दिलं, घर एकाच मुलाकडे ठेवलं, बाकीचे सैन्यात. म्हणून टिकलं. पोर्तुगालातही थोरल्याकडे सगळी इस्टेट ठेवायची मोर्गादोची पद्धत होती, ती १८६३ मध्ये बंद झाली. मग पोर्तुगीज सिव्हिल कोड आला १८६७ मध्ये, म्हणजे आपला मार्शल जन्मला त्याच वर्षी, आणि १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्यात मुलगा-मुलगी सारखे, आणि मालमत्तेचा मोठा हिस्सा तर आईबापांना इच्छापत्राने दुसरीकडे वळवताच येत नाही. आपल्याकडच्या बायकांना हे दीडशे वर्षांपूर्वी मिळालं ही साधी गोष्ट नाही. त्याचाच दुसरा भाग म्हणजे तुमचे ३१ वाटेकरी. मला विचाराल तर ३१ वाटेकऱ्यांचं भांडण परवडलं, पण बहिणीला निम्मा वाटा नको.

काय करावं. इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्ता यांची यादी करून वाटणीची कोर्टातली कारवाई, झालेली नसेल तर आधी ती करा, २०१२ च्या वारसा कायद्याखाली, वकील धरूनच. मीटिंग बोलवायच्या आधी कागद बोलवा. घराच्या बाबतीत कागद नसले की आठवणी बोलायला लागतात आणि ३१ जणांच्या आठवणी ३१ असतात. माझ्या स्वतःच्या आजोळच्या घरात हे झालंय, दोन मामा एका विहिरीवरून अकरा वर्षं बोलले नाहीत आणि शेवटी जुन्या पोर्तुगीज दस्तात निघालं की विहीर शेजाऱ्याची.

घराचा इतिहास लिहायचा तर पणजीला पुराभिलेख खात्यात जाऊन बसा, नोटरीचे जुने दस्त, गावचे कागद, देवळाच्या महाजनांच्या याद्या. पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारा एखादा म्हातारा गाठा, लवकर गाठा. फिनलंडातही हीच गंमत, तिकडच्या वाड्यांचे कागद स्वीडिशमध्ये, कारण वाड्यात स्वीडिश आणि शेतात फिनिश. मार्शलची घरची भाषासुद्धा स्वीडिशच, फिनिश त्याला मोठेपणी नीट शिकायला लागली. घरात एक भाषा आणि भाटात दुसरी, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. भाषेच्या वादात मी शिरत नाही, मागच्या वेळचा अनुभव पुरे.

आणि कौलांचं: यंदा वर्गणी नका काढू, परदेशातल्या अकरांपैकी ज्याला सगळ्यात जास्त आठवण येते त्याला फोन करा. एप्रिलमध्ये करा, पाऊस लागल्यावर नको.

वास्कोहून एक ताई: तुम्ही लिहिलं होतं की तिथे एक सरबत प्यायलात. रेसिपी द्या ना.

हे मला आवडलं! त्या घराच्या नावाचंच सरबत आहे, लोउहिसारीचं पेय म्हणून फिनलंडभर घरोघरी करतात. काळ्या करंटच्या झुडपाची कोवळी पानं लागतात, फळं नव्हे, पानं. उन्हाळ्याच्या सुरुवातीची. मोठ्या भांड्यात पानं चांगली दाबून भरायची, लिंबं चकत्या करून, साखर, आणि वरून उकळतं पाणी. झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी गाळून थंड करून प्यायचं. चव सांगायची तर हिरवट, आंबटगोड, आणि मागे एक रानटी वास, चुरगळलेल्या पानाचा. भिरंडाच्या (कोकमाच्या) सरबताएवढा रंग नाही, किंचित गुलाबी झाक असते लिंबामुळे.

काळा करंट वास्कोत मिळणार नाही. मी घरी येऊन लिंबाच्या कोवळ्या पानांवर करून बघितलं, बायको म्हणाली हे डोकं धुवायला बरं आहे. मग तिने तेच पाणी घेऊन त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घातलं, तेव्हा कुठे प्यायलो. पानं मात्र अगदी कोवळीच घ्या, जून पानं घेतली तर कडू होतं आणि पाणी पूर्ण थंड व्हायच्या आत गाळू नका, मी ती घाई केली होती.